निंबाचं लिंब, मेनांद्रोसचा मिलिंद

आमच्या वर्गात तीन मिलिंद होते. हजेरीत बाई आडनावानं पुकारायच्या. मैदानावर मात्र एक उंच्या, एक चष्मिस आणि तिसरा नुसता मिलिंद. चष्मिसला मी एकदा नावाचा अर्थ विचारला, तर तो जरा खट्टू होऊन म्हणाला, "भुंगा." उंच्याच्या घरी उत्तर वेगळं होतं. "राजा होता तो. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा." उत्तरं दोन्ही बरोबर आहेत. मात्र दुसऱ्याच्या मागे एक अस्सल ग्रीक नाव दडलेलं आहे, मेनांद्रोस. खुद्द ग्रीसमध्ये या नावाचा मुलगा आज क्वचितच भेटेल. आपल्याकडे त्याचे वंशज गल्लोगल्ली आहेत.

या राजानं इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याला काबूलच्या खोऱ्यापासून पंजाबपर्यंत राज्य केलं. 'मिलिंदपञ्ह' हा त्याच्या आणि नागसेनांच्या संवादाचा पाली ग्रंथ त्याची राजधानी सागल सांगतो. हे आजचं सियालकोट असं सामान्यपणे मानलं जातं. त्याची चांदीची नाणी एवढी निघाली आहेत की जगातल्या कितीतरी वस्तुसंग्रहालयांत ती पाहायला मिळतात. नाणं लहानसंच, साधारण अडीच ग्रॅमचं, आपल्या जुन्या चवलीची आठवण यावी असं. एका बाजूला राजाचा मुखवटा, कधी शिरस्त्राण घातलेला, कधी पाठमोरा होऊन भाला फेकायच्या पवित्र्यात. भोवती ग्रीक अक्षरं : बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू, म्हणजे 'तारणहार राजा मेनांद्रोसचं'. उलट बाजूला वज्र उगारलेली अथीना देवी आणि भोवती खरोष्ठी लिपीत प्राकृत : महरजस त्रतरस मेनंद्रस. मजकूर तोच. षष्ठीसुद्धा तीच, फक्त एकीकडे 'ऊ' आणि दुसरीकडे 'स'.

उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी ही खरोष्ठी १८३०च्या दशकापर्यंत कुणालाच वाचता येत नव्हती. चार्ल्स मॅसन हा इंग्रज प्रवासी काबूलजवळ बेग्रामच्या परिसरात नाणी गोळा करत होता. त्याच्या लक्षात आलं की ग्रीक बाजूला 'मेनांद्रू' असलं की मागे ठरावीक चिन्हांचा गुच्छ येतो, 'अपोलोदोतू' असलं की दुसरा. त्यानं हे कलकत्त्याच्या लिपितज्ज्ञ जेम्स प्रिन्सेपला कळवलं आणि प्रिन्सेपनं तिथून एकेक अक्षर सोडवायला घेतलं. भाषा बदलली तरी विशेषनामाचं भाषांतर होत नाही, ते जवळजवळ तसंच उचललं जातं. म्हणून मेलेली लिपी उघडायला नावासारखी किल्ली नाही. आपल्या तिन्ही मिलिंदांच्या नावाचा मूळ धनी असा एका लिपीच्या कामी आला.

आता नाव फोडून पाहू. प्राचीन ग्रीक नावं बहुधा दोन शब्द जोडून केलेली असत, आपल्या देवदत्त, जयसेनासारखी. मेनांद्रोसचा उत्तरार्ध स्पष्ट आहे : 'अनीर' म्हणजे पुरुष, नर. अलेक्झांडर, लायसँडर या नावांच्या शेपटीतही हाच नर बसलेला आहे. पूर्वार्धाबद्दल दोन मतं आहेत. एक शब्द 'मेनोस', म्हणजे आवेश, मनाचं बळ. दुसरा 'मेनो', म्हणजे टिकून राहणं, समोरच्याला न डगमगता झेलणं. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण मेनोस सहसा नावाच्या शेवटी येतो (क्लेओमेनीस, एउमेनीस), तर मेनेलाओससारख्या नावांच्या सुरुवातीला दिसतो तो मेनो. तसं असेल तर अर्थ झाला 'माणसांपुढे पाय रोवून उभा राहणारा'.

पहिलं मत मागे पडलं तरी मेनोस या शब्दाला सोडवत नाही, कारण तो आपल्या घरातला आहे. ग्रीक मेनोस आणि संस्कृत मनस् हे सख्खे भाऊ, एकाच आदिम भारोपीय धातूचे. ग्रीकात 'दुस्मेनीस' म्हणजे वैरी, संस्कृतात दुर्मनस्. त्याच जोडीचं जुनं इराणी रूप फारसीतून मराठीत येऊन बसलं, ते आपलं दुश्मन. अनीर आणि नर यांचं नातंही असंच. ग्रीकात सुरुवातीला जादा 'अ' दिसतो, तो मूळ भाषेतल्या एका कंठ्य ध्वनीचा अवशेष. संस्कृतात तो ध्वनी गळाला, पण जाताना खूण ठेवून गेला : 'सु' आणि 'नर' जोडून ऋग्वेदात 'सुनर' व्हायला हवं होतं, तिथं दीर्घ ऊ असलेलं 'सूनर' आहे. ऋग्वेदात उषेला 'सूनरी' म्हटलंय ते त्यातूनच. हरवलेल्या व्यंजनानं शेजारच्या स्वराला लांबवलं. वेदात 'नृमणस्' हा शब्दही आहे. म्हणजे मेनांद्रोसचे दोन्ही तुकडे, मेनोस धरला तर, वैदिक कवीकडेही होते. त्यानं फक्त क्रम उलटा लावला.

पण 'अनीर' मध्ये 'द' नाही, तो मेनांद्रोसमध्ये कुठून आला? तोंडातच उत्तर आहे. 'न' म्हणताना जीभ वर टेकलेली असते आणि मऊ टाळू खाली सुटून हवा नाकातून जाते. 'र'साठी नाक बंद करावं लागतं. नाक क्षणभर आधी बंद झालं आणि जीभ अजून टेकलेलीच राहिली, की मधे आपोआप 'द' फुटतो. शंका असेल तर 'वानर' शब्द भरभर म्हणून बघा. गावाकडे त्याचं 'वांदर' होतं, हिंदीत 'बंदर'. वांदर म्हणणाऱ्याला आपण हसतो, पण ग्रीकांनी आपल्या 'पुरुष' या शब्दाचं तेच केलं होतं.

पुढचा प्रवास भारतातला. नाण्यावर मेनंद्र, बाजौर भागातल्या शिनकोटच्या अस्थिकरंडकावर 'मिनेद्र' (करंडकावर कोरलेल्या काही ओळींच्या खरेपणावर वाद आहे), आणि पालीत थेट मिलिंद. शेवटच्या 'द्र'मधला 'र' पालीच्या सवयीनं गेला. चंद्राचा चंद आणि इंद्राचा इंद होतो तिथं मेनंद्राचा वेगळा न्याय कसा होणार? मधला 'इ' बहुधा त्या इंदाच्याच ओढीनं आला. शब्दाला इंद्राचं शेपूट लागलं की तो राजाचं नाव शोभतो, हे नरेंद्र-महेंद्रांच्या देशात सांगायला नको. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्रानं तर 'मिलिंद्र' असंच लिहिलंय.

राहिला 'न'चा 'ल'. मेनंद्रात म, न आणि पुन्हा न, अशी अनुनासिकांची रांग आहे. एकाच जातीचे ध्वनी लागोपाठ आले की जीभ त्यातला एक बदलून टाकते. भाषाशास्त्रात याला विषमीभवन म्हणतात. मराठी माणसाला उदाहरणासाठी लांब जायला नको. संस्कृत निंब, हिंदी नीम. आपल्याकडे मात्र कडुलिंब. गुढीपाडव्याला आपण जो लिंब चावतो त्यात 'न'चा 'ल' होऊन गेलेला आहे. नवनीताचं लोणी झालं तेही याच रस्त्यानं. उलटी वाहतूकही चालू असते, लांगलाचा नांगर झाला. या राजाच्या संवादाचं चिनी भाषांतरही फार जुनं आहे आणि त्यात राजाचं नाव मि-लान असं येतं. तिथवर पोचेपर्यंत 'ल' पक्का झालेला होता.

भुंगा मग कोण? उत्तरकालीन संस्कृतात मिलिंद हा भुंग्यासाठी शब्द आहेच. राजाच्या नावाला त्याची गरज नाही, त्याचा रस्ता नाण्यापासून पालीपर्यंत सरळ दाखवता येतो.

ग्रीसमध्ये हे नाव विरळ का झालं? एके काळी ते चांगलं चलनी होतं. अथेन्सचा विनोदी नाटककार मेनांद्रोस इसवीसनपूर्व २९०च्या सुमारास वारला. त्यानं शंभरावर नाटकं लिहिली. बहुतेक हरवली, पण एक जवळजवळ संपूर्ण नाटक इजिप्तमधल्या पपायरसवर मिळालं आणि १९५८ साली छापलं गेलं. मग ख्रिस्ती धर्म आला. बाप्तिस्म्याला संताचं नाव ठेवायचं, दर वर्षी त्या संताच्या दिवशी नावाचा सण करायचा, आणि पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचं, असा रिवाज रुजला. यात गंमत अशी की नावं पिढ्यान् पिढ्या तीच ती फिरत राहतात : यानिस, योर्गोस, दिमित्रिस, कोन्स्तान्दिनोस, निकोलाओस. आजोबाच मेनांद्रोस नसतील तर नातू कुठून होणार? मेनांद्रोस नावाचा हुतात्मा नाही असं नाही, प्रूसाचा बिशप पात्रिकिओस याच्याबरोबर १९ मे रोजी त्याचं स्मरण होतं. पण तो सोबत्यांच्या यादीतला. त्याच्या नावानं नवस बोलावा एवढी त्याची ख्याती नाही. १८२१च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आसपास प्राचीन नावांची लाट आली तेव्हा लेओनिदास, पेरिक्लिस, सोक्रातिस, थेमिस्तोक्लिस परत आले. वीर, मुत्सद्दी, तत्त्ववेत्ते. विनोदी नाटककाराचं नाव पोराला द्यायला बाप फारसे पुढे आले नसावेत. आणि दूर पंजाबातल्या राजाची तिकडे फारशी आठवण कुणाला होती? प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्कनं मात्र त्याची नोंद ठेवली आहे : न्यायी राजा, छावणीत मेला, आणि शहरांनी त्याची रक्षा वाटून घेऊन स्मारकं बांधली. बुद्धाच्या अस्थींची गोष्ट माहीत असणाऱ्याला यात ओळखीचं काही दिसेल.

रक्षा वाटली गेली तरी नाणी फिरत राहिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत नोंद आहे की भडोच बंदरात मेनांद्रोसची जुनी नाणी अजून चालतात. त्याच सुमारास घाटावर कार्ल्याच्या चैत्यगृहात यवन, म्हणजे त्या काळी ग्रीक, खांब दान देत होते, आणि त्यांची नावं होती सिहधय, म्हणजे सिंहध्वज, अशी. यवन भारतीय नावं घेत होते. ग्रीक नाव इथल्या पाळण्यात पडायला अजून बराच अवकाश होता.

ते पडलं ते मुख्यतः विसाव्या शतकात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद, परिसराचं नाव नागसेनवन. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच आवारात. त्यांच्या संवादाची सुरुवातच नावापासून होते. राजा विचारतो, भदंत, आपलं नाव काय? भिक्खू म्हणतात, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते 'नाममत्तं', नुसतं नाव. त्यामागे धरून दाखवता येईल असा कुणी नाही. राजा हटत नाही : मग केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? भिक्खू उलट विचारतात, महाराज, आपण रथातून आलात. चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळं मिळून जे होतं त्याला व्यवहारात रथ म्हणतात.

अथेन्समध्ये ओमोनिया चौकाजवळ एक रस्ता आहे, त्या नाटककाराच्या नावाचा. ग्रीक रिवाजाप्रमाणे रस्त्याचं नाव षष्ठीत लिहितात, म्हणून पाटीवर मेनांद्रोस नाही, 'मेनांद्रू' आहे. काबूलकडच्या त्या चवलीएवढ्या नाण्यावर आहे अगदी तसंच.