‘वाचलेले दहा टक्केच लक्षात राहते’ : एक खुलासा

‘वाचलेले 10 टक्के, ऐकलेले 20 टक्के, पाहिलेले 30 टक्के आणि स्वतः केलेले 90 टक्के लक्षात राहते’ हा त्रिकोणी तक्ता नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी करणाऱ्यांच्या गटांत वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि ‘मग वाचायचे कशाला?’ हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच.

हे आकडे कोणत्याही ज्ञात प्रयोगातून आलेले नाहीत. ज्या शंकूच्या आकृतीशी ते जोडले जातात, ती 1946 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात होती आणि तिच्यात टक्केवारी नव्हतीच. शिकण्याचे अनुभव मूर्ताकडून अमूर्ताकडे कसे जातात, एवढेच ती दाखवत होती. शिवाय कोणता मजकूर, कोणाच्या आणि किती दिवसांनी लक्षात राहिला, हे तक्ता सांगत नाही. खऱ्या मोजमापात सगळे आकडे असे नेमके दहाच्या पटीत येत नाहीत.

तक्ता पटतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे : सरावाने, विशेषतः न बघता आठवून पाहिल्याने, स्मरण पक्के होते. आपला अभ्यास आपणच आखणाऱ्याला हे स्वतः पडताळता येते. फोंड्याहून पणजीला कामावर जाताना बसमध्ये एक प्रकरण दोनदा वाचावे. दुसऱ्या दिवशी तेवढेच मोठे दुसरे प्रकरण एकदाच वाचून, मोबाईल खिशात टाकून, आठवेल ते मनाशी सांगावे. प्रत्येक वाचनानंतर आठवड्याने त्या प्रकरणावरचे पाच प्रश्न सोडवावेत. वाचन दोन्हीकडे आहेच. फरक दिसला तर तो वाचल्यानंतर काय केले याचा असेल.