लिनक्सवर सॉफ्टवेअर शोधताना ब्राउझर उघडू नका

शेजारची मुलगी परवा लॅपटॉप घेऊन घरी आली. तिच्या वडिलांचा इथे सांगलीत हळद पावडरचा छोटा धंदा आहे आणि पुडीवरचं लेबल तिला नव्याने करायचं होतं. लॅपटॉप जुनाच. विंडोज 10 चा आधार (सपोर्ट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा कॉलेजातल्या मित्राने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम टाकून दिली होती.

"काका, इंकस्केप डाउनलोड केलंय, पण उघडतच नाही."

इंकस्केप म्हणजे चित्रं, लेबलं काढायचं सॉफ्टवेअर. बघितलं तर एकाच नावाच्या तीन फाइली, तिन्हींच्या शेवटी डॉट ईएक्सई. म्हणजे विंडोजसाठीच्या. त्यांतली एक तर इंकस्केपच्या साइटवरची नव्हतीच, जाहिरातींनी भरलेल्या भलत्याच साइटवरून आली होती. न उघडण्यापेक्षा मला काळजी वाटली ती या फाइलीची.

विंडोजवर वाढलेल्या माणसाचा हात आपोआप गूगलकडे जातो. लिनक्सवर ही सवय आधी सोडायला हवी. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा हे लिनक्सचे प्रकार, आणि प्रत्येकाचं स्वतःचं सॉफ्टवेअरचं कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 च्या कोठारात 69 हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरं आणि त्यांचे सुटे भाग, आहेत. मिंट उबुंटूवर बेतलेलं आणि उबुंटू डेबियनवर, त्यामुळे त्यातला बराचसा माल तिच्या लॅपटॉपपर्यंतही पोचतो.

मेनूतून सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचं, नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं. नवख्याला एवढं पुरे. पण तिला मी मुद्दाम टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला लावलं. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल इंकस्केप', अर्थात इंग्रजी अक्षरांत. ॲप्ट म्हणजे कोठारातून माल आणणारं साधन, सुडो म्हणजे 'मालकाच्या अधिकाराने कर'. पहिल्या आज्ञेने कोठाराची ताजी यादी येते, दुसरीने माल. पासवर्ड दिल्यावर पडद्यावर ओळी सरकल्या आणि एका प्रश्नापाशी थांबल्या. लगेच वाय दाबू नकोस, आधी वाच, म्हटलं. सोबत कोणती पॅकेजेस येणार, किती डाउनलोड होणार, डिस्कवर किती जागा लागणार, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

सोबतची पॅकेजेस कशाला? इंकस्केप सगळी कामं स्वतः करत नाही. रेषा रंगवायला ते कैरो वापरतं, पीडीएफ आत घ्यायला पॉपलर. पॉपलर तिच्या लॅपटॉपवर आधीच होतं, कारण मिंटचा पीडीएफ वाचकही तेच वापरतो. म्हणून ते पुन्हा आलं नाही. पूर्वी असे सुटे भाग माणसाला स्वतः हुडकावे लागत. एक मिळाला की तो दुसरा मागायचा, दुसरा तिसरा. मार्च 1999 मध्ये डेबियन 2.1 सोबत ॲप्ट आलं आणि ही वणवण थांबली.

आता भरवशाचं. मार्केट यार्डात हळदीचा सौदा होताना व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि त्यावरून पोत्याचा अंदाज बांधतो. ॲप्ट अंदाजावर थांबत नाही. प्रत्येक पॅकेजमधल्या सगळ्या बिट्सवर गणित करून 64 अक्षरांचा एक ठसा काढतात. पद्धतीचं नाव शा-256. फाइलीत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. हे ठसे कोठाराच्या यादीत असतात, त्या यादीचा ठसा आणखी एका फाइलीत, आणि त्या फाइलीवर कोठार सांभाळणाऱ्यांची डिजिटल सही. सही तपासायची किल्ली लिनक्स टाकतानाच तुमच्या डिस्कवर आलेली असते. त्यामुळे माल जगातल्या कुठल्याही सर्व्हरवरून येवो, वाटेत कुणी हात लावला असेल तर ॲप्ट तो नाकारतं. मला ही रचना फार सुंदर वाटते. सर्व्हरवर विश्वास ठेवायची गरजच तिने काढून टाकली आहे.

कोठारातली आवृत्ती कधी कधी जुनी असते. नवीच हवी असेल तर फ्लॅटपॅक हा सॉफ्टवेअर बांधून द्यायचा वेगळा प्रकार आहे, तोही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच दिसतो. मात्र फ्लॅटहबवर, म्हणजे फ्लॅटपॅक्सच्या कोठारात, कुणीही अनोळखी माणूस दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बांधून ठेवू शकतो. म्हणून 2024 च्या मिंट 22 पासून मूळ निर्मात्याची खूण नसलेली फ्लॅटपॅक्स आपोआप दिसत नाहीत. तो पर्याय नवख्याने चालू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या पानावरची अनोळखी आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवणं तर त्याहून वाईट. सुडो म्हटलं की घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्या.

"एवढं सगळं फुकट कसं?" तिने विचारलं. इंग्रजीत 'फ्री' या शब्दावरून घोटाळा होतो, आपल्याकडे मोफत आणि मुक्त असे दोन शब्द आहेत. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो मुक्त सॉफ्टवेअरसाठी: वापरा, आतली रचना अभ्यासा, दुसऱ्याला द्या, बदलून पुन्हा वाटा. इंकस्केपला हे चारही हक्क लागू आहेत. तिने ते मैत्रिणीला दिलं तर ती चोरी ठरत नाही.

इंकस्केप उघडलं. तिने वर '2018 पासून भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद' असं लिहिलं, पण अक्षरं तिच्या मनासारखी दिसेनात. या वेळी ती ब्राउझरकडे गेली नाही. टर्मिनलमध्ये 'ॲप्ट सर्च' लिहून देवनागरी फॉन्ट शोधले. यादीत गार्गी निघाला, नकुल निघाला, सहदेवही. लेबलावर सहदेव बसला.