उभ्यानं आत जाता येईल असा कोंबड्यांचा पिंजरा : ऑर्डर देण्यापूर्वी जमिनीचा उतार मोजा

चौकशीचे फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतात: "बारा बाय वीसचा पिंजरा, किती पडेल?" लांबी कळली, रुंदी कळली. जमीन कशी आहे ते कोणी सांगत नाही, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सपाटच आहे." कोकणात घरामागची जागा सपाट असते ती खळ्यापुरती, म्हणजे अंगणापुरती. पुढे ती पऱ्ह्याकडे (ओढ्याकडे) नाहीतर शेजाऱ्याच्या गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे) उतरत जाते. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या वीस फुटांत सहा-आठ इंचांचा फरक सहज निघतो. तो आम्हाला कळतो गाडीतून सांगाडा उतरवल्यावर, आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबतं.

पिंजरा लेव्हलमध्ये बसवायचा तर उताराच्या बाजूला खाली फट राहते. मग घरचे म्हणतात, "राहू द्या, आम्ही दगडमाती लावून घेतो." लावतातही. पहिल्या मोठ्या पावसात माती धुपते, दगड हलतात आणि दोन-तीन इंचांची वाट मोकळी होते. मुंगसाला तेवढी पुरते. शिवाय मुंगूस दिवसा फिरतं. रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडल्या म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. मुंगूस येतं सकाळी दहाला, घरातली माणसं कामाला गेली की. आणि फट ठेवून नंतर मुंगसासाठी सापळा लावायचा विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. त्याला बाहेर ठेवणं एवढंच आपल्या हातात.

"मग जागेवरच पाय कापा, वेल्डिंग करून द्या," असाही आग्रह होतो. ते आम्ही टाळतो, आणि त्यामागे आळस नाही. आमचा पाइप आणि जाळी दोन्ही गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले. ग्राइंडर लागला, वेल्डिंग झालं की तेवढ्या जागेवरचं जस्त जळतं. वरून झिंक पेंट मारता येतो, पण खाऱ्या वाऱ्यात गंज धरतो तो आधी त्याच सांध्याला, आणि हा सांधा असतो जमिनीलगत, ओलीत. उतार आधी कळला तर पाय त्या मापाचेच कापून येतात आणि जागेवर फक्त नटबोल्ट आवळायचे राहतात.

उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, दहा-बारा मीटरची. पाणी भरा, बुडबुडे काढून टाका. जागेच्या चार कोपऱ्यांत खुंट्या ठोका. सर्वांत उंच कोपऱ्यावर नळीचं एक टोक धरा, दुसरं टोक एकेका खुंटीला लावून पाणी स्थिरावेल तिथे खूण करा. मग चारही ठिकाणी खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. चार आकडे आम्हाला व्हॉट्सअॅप करा, बस. मोबाइलमधली लेव्हल फळी बघायला ठीक आहे, वीस फुटांना तिच्यावर विसंबू नका. टेप हातात आहेच तर दोन्ही कर्णही मोजा. बारा बाय वीसचा चौक गुण्यात (काटकोनात) असेल तर दोन्ही कर्ण २३ फूट ४ इंच भरतात. एक तेवीस आणि दुसरा चोवीस आला तर खुंट्या सरकवा. नाहीतर दार कधीच नीट मिटणार नाही.

मुंबईहून ऑर्डर देणाऱ्या चाकरमानी मंडळींना खास विनंती : गावच्या माणसानं पावलांनी मोजलेलं माप पाठवू नका. त्याचा दोष नाही, त्याला कोणी नळी दिलेलीच नसते.

आकडे आले की आम्ही दोन पर्याय सुचवतो. उतार चार इंचांच्या आत असेल तर पाय कमी-जास्त करून खाली जाळीचा पदर सोडतो. त्याहून जास्त असेल तर आधी जांभ्या चिऱ्याचा एक थर गवंड्याकडून लेव्हलमध्ये बांधून घ्यावा, त्यावर पिंजरा. चिऱ्याचं काम आम्ही करत नाही, त्यात आमचा नफाही नाही, तरी आमचा कौल चिऱ्यालाच. दार कुठल्याही परिस्थितीत उंच बाजूला घ्या. खालच्या बाजूचं दार म्हणजे पावसाळाभर उंबऱ्याशी चिखल.

पदराबद्दलही लोक बुचकळ्यात पडतात. जाळी जमिनीत दोन फूट उभी पुरा, असं बरेच ठिकाणी सांगितलं जातं. कातळावर ते कसं करणार? आम्ही जाळी बाहेरच्या अंगाला दीड-दोन फूट आडवी अंथरतो आणि वर माती किंवा दगड टाकतो. उकरणारा प्राणी भिंतीच्या मुळाशीच उकरायला लागतो, तिथे त्याच्या नखाखाली जाळी येते. मागे सरकून लांबून खणायचं त्याला सहसा सुचत नाही.

जाळीच्या बाबतीत घासाघीस होते म्हणून सांगतो. बाजारात स्वस्त मिळते ती षटकोनी भोकांची चिकन जाळी. ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मोठा कुत्रा ती दातांनी ओढून फाडतो. आम्ही खालचे तीन फूट अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी) वापरतो, वर एक इंची. उंदीर, धामण आणि आत पंजा घालून ओढणारी मांजर, तिघांनाही अर्ध्या इंचाचा अडसर होतो. गेज विचारताना एक ध्यानात ठेवा, आकडा वाढला की तार बारीक होते. १४ गेजची तार साधारण दोन मिलिमीटर, २० गेजची एक मिलिमीटरसुद्धा नाही. कोणी "आमची वीस गेज, त्यांची चौदाच" असं सांगून स्वस्तात देत असेल तर तार बोटांनी वाकवून बघा आणि मग ठरवा.

बिबट्याचा वावर असलेल्या गावांना स्पष्ट सांगतो : आमचा पिंजरा बिबट्यासाठी नाही. तिथे रात्री कोंबड्या पक्क्या भिंतीच्या, लोखंडी दाराच्या खुराड्यातच हव्यात.

आकार किती घ्यावा? दर कोंबडीमागे पिंजऱ्यात दहा चौरस फूट धरा, खुराड्यात दोन. म्हणजे बारा बाय वीसमध्ये चोवीस कोंबड्या मजेत राहतात. गिरिराज किंवा वनराज जातीच्या असतील तर थोड्या कमी धरा, अंगानं मोठ्या असतात. मोजताना आजच्या कोंबड्या मोजू नका. गावठी कोंबडी खुडूक बसली की आठ-दहा पिल्लं घेऊन फिरते, आणि अशा दोन बसल्या की पिंजरा भरला. पुढे वाढवायचा विचार असेल तर आधीच सांगा, त्या बाजूची चौकट बोल्टवर देतो. उंची साडेसहा फुटांच्या खाली आम्ही करत नाही. वाकून साफसफाई करावी लागली की ती होत नाही, एवढा अनुभव आहे.

वरचं झाकण हवंच. गावठी कोंबडी उडते आणि पिल्लांवर शिक्रा टपलेला असतो. पण सगळं छप्पर जाळीचं करू नका. निदान एक तृतीयांश भागावर पत्रा घ्या, दाणापाणी त्याच्याखाली ठेवा, जमिनीवर तीन-चार इंच भाताचा तूस पसरा. ओल्या जमिनीत रक्ती हगवण पिल्लं मारते. शिवाय पत्र्यामुळे रानपाखरांची विष्ठा दाण्यात पडत नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हे ऐकतो आहोत, तरी उघड्यावर ताट ठेवणारी घरं आहेतच. पत्रा 'J' आकाराच्या बोल्टनं आवळलेला असतो, खिळ्यांनी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती पत्रे उडाले ते या भागात सांगायला नको. आणि माडाखाली पिंजरा मागू नका. झावळ पडून जाळी बसली तर ती वॉरंटीत येत नाही.

माप घ्यायला आमचा माणूस हवा असेल तर येण्याजाण्याचे पैसे पडतात. ऑर्डर दिलीत की ते बिलातून वजा होतात. चार कोपऱ्यांचे आकडे स्वतः पाठवलेत तर तेही लागत नाहीत आणि तुमचा नंबर आधी लागतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आलेल्या ऑर्डरी आम्ही गणपतीनंतर बसवतो. भर पावसात काँक्रीटमध्ये पाय रोवत नाही.