दारावरची अक्षरे: मुंबईतल्या आरोग्यसूचनांच्या मागची सव्वाशे वर्षे

मुंबईतल्या एखाद्या जुन्या चाळीत दाराची चौकट नीट पाहिली, तर रंगाच्या हातातून सुटलेल्या कोपऱ्यात खडूने लिहिलेले 'पी' अजून सापडते. शेजारी घराचा क्रमांक आणि पुसट झालेली तारीख. पोलिओचा डोस पाजायला आलेल्या ताई ते लिहून जातात. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की 'पी'. एखादे मूल गावी गेलेले असेल किंवा आईने "आज नको, ताप आहे" म्हटले असेल तर 'एक्स', म्हणजे या दाराशी पुन्हा यायचे. दारावर 'एक्स' आहे म्हणून कोणी तोंड लपवत नाही. फार तर शेजारीण विचारते, "काय गं, राहिला का तुझा बाळ्या?"

याच शहरात दारावर सरकारी अक्षरे उमटली की आख्खे बिऱ्हाड रातोरात हलत असे. ती अक्षरे होती 'यू एच एच', म्हणजे माणसाला राहायला नालायक जागा. आज सोसायटीच्या फलकावर टाकीच्या झाकणाची नोटीस, मंडळाच्या रक्तदान शिबिराचे पत्रक आणि लसीकरणाची तारीख शेजारी शेजारी लागलेली असतात आणि आपण त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. या निवांतपणाची सुरुवात प्लेगपासून शोधावी लागते.

शहराला साथी नव्या नव्हत्या. देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईतच, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पटकी येत-जात होती. विहारचे पाणी 1860 मध्ये नळाने शहरात आले, पालिकेची यंत्रणा 1865 पासून आकार घेत होती, आरोग्याधिकारी नेमलेला होता. तरी हा सगळा कारभार गटारे, पाणी आणि कचरा यांचा. तो घराच्या उंबऱ्याबाहेर थांबत असे. उंबरा ओलांडला प्लेगने.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत, धान्याच्या वखारी आणि दाट वस्तीच्या भागात, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठी आलेला तापाचा रुग्ण पाहिला आणि हा प्लेग आहे असे उघडपणे सांगितले. व्हिएगस मूळ गोव्याचे, मुंबई पालिकेचे सदस्य. त्यांच्यावर आधी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. बंदराच्या शहरात प्लेग हा शब्द उच्चारणे म्हणजे व्यापार बंद पाडणे, त्यामुळे अविश्वासामागे अज्ञानाइतकाच हिशेबही असावा. आज धोबी तलावला त्यांचा पुतळा आहे. मेट्रो सिनेमाकडे जाणारे बहुतेक जण तो कोणाचा हे न विचारता वळसा घालून जातात.

6 ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी फर्मान काढले: आजारी माणसाला गरज पडल्यास जबरीने रुग्णालयात नेता येईल, घराला विलग करता येईल, निर्जंतुक करता येईल. त्या काळचे लोक रुग्णालयाला मरायला जायची जागा समजत. तिथे परका माणूस हात लावणार, पाणी कोणाच्या हातचे ते कळणार नाही, आणि माणूस गेला तर अंत्यविधी कसा होईल याचीही खात्री नाही. महिना संपायच्या आत गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, चालून गेला. लगेच स्नो यांनी माघार घेतली. घरी व्यवस्था होत असेल त्या रुग्णाला ओढून नेणार नाही, असे जाहीर झाले. त्यांची भीती अगदी व्यवहारी होती: धाकाने सफाई कामगार शहर सोडून गेले, तर प्लेगपेक्षा मोठे संकट ओढवेल. झाडू मारणाऱ्या हातांवर शहर किती टांगलेले आहे हे एका आयुक्ताने इतक्या स्पष्टपणे कबूल केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

तोवर दारांवरचे काम सुरू झाले होते. प्लेगने मृत्यू झालेल्या घरावर खुणा केल्या जात, राहायला नालायक ठरलेल्या घरावर 'यू एच एच' उमटे. अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात, भिंतींना चुना आणि जमिनीवर जंतुनाशक ओतले जाई, गटारांत समुद्राचे पाणी सोडले जाई. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे अजून सर्वमान्य झालेले नव्हते, त्यामुळे सगळा राग घाण, दमट हवा आणि माणसांवर निघाला. लोक लाखांनी शहराबाहेर पडले. 8 लाखांवर वस्ती असलेल्या मुंबईत बाजार ओस पडले, गिरण्यांना हात मिळेनात. कोकणात आणि देशावर गेलेल्या चाकरमान्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही गेला. मग तिकडच्या गावांनीही तेच केले: गाव मोकळे करायचे आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. कायदा इतका आखूड की त्यात मोजून चार कलमे, पण अधिकार अमर्याद. मार्चमध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले आणि देवघर, माजघर, बायकांची तपासणी या सगळ्यांवरून संताप पेटला. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. ही गोष्ट शाळेत सगळेच शिकतात. त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन गेल्या, हे मात्र धड्यात पूर्वी एका ओळीत उरकत. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या आजाऱ्यांना आणून सोडत होत्या. त्याच साथीत एकीकडे बंदूकधारी शिपाई आणि दुसरीकडे पाठीवर रुग्ण घेऊन चालणारी सहासष्टीची बाई. आरोग्यसेवा कशाला म्हणायचे यावर त्या वर्षी पुण्यात दोन उत्तरे होती.

मुंबईत दुसऱ्या उत्तराकडे जायचा रस्ता निघाला तो लसीतून. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत काम करून त्यांनी प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. तरी लोकांचा भरवसा बसेना. सुईत काय आहे, धर्म बाटेल का, अशा अफवा होत्याच. त्या वेळी खोजांचे धर्मगुरू, एकोणीस वर्षांचे आगाखान पुढे आले. त्यांनी आपल्या लोकांसमोर लस घेतली, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली, आणि हजारो खोजा मंडळी टोचून घ्यायला आली. वेगवेगळ्या जातीजमातींची स्वतःची प्लेग रुग्णालयेही उभी राहिली. तिथे स्वयंपाकी आपला, चालवणारे आपले, शेवटचे पाणी देणाराही आपला. पालिकेने आधी नाक मुरडले, मग त्यांच्यावरच बराच भार टाकला. जातीच्या भिंतींनी विभागलेली आरोग्यसेवा हे काही आदर्श चित्र नव्हे. पण शिपायाला जो दरवाजा उघडत नव्हता तो ओळखीच्या माणसाला उघडतो, हे प्रशासनाच्या तेव्हा लक्षात आले.

प्लेगने शहराचा नकाशाही बदलला. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. पाडलेल्या घरांतले गरीब नव्या घरांत फारसे पोचले नाहीत. ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळी मात्र अजून आहेत. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे राहिले. हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात गेली आणि 1925 पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. पालिकेचे रात्रपाळीचे उंदीर मारणारे कामगार, जे आजही काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळ धुंडाळतात, ते या सगळ्याचेच वंशज.

1918 च्या इन्फ्लुएन्झात हा धडा अर्धवट उपयोगी पडला. जूनमध्ये आलेली पहिली लाट सौम्य वाटली, सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसरीने यंत्रणा कोलमडली. दारात कोणी सक्तीने आले नाही, कारण पाठवायला माणसेच नव्हती. गल्लोगल्ली औषध आणि दूध पोचवले ते बऱ्याच अंशी स्वयंसेवकांनी आणि जातीजमातींच्या संस्थांनी.

टाकीच्या झाकणाची नोटीस आली ती वेगळ्याच भांडणातून. 1911 च्या सुमारास डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला, तेव्हा संशय दलदलीवर होता. सापडल्या विहिरी. नळ आल्यावर वाडे आणि इमारतींमधल्या विहिरी वापरातून गेल्या, पण बुजवल्या कोणी नव्हत्या, आणि त्यांच्या स्वच्छ, थंड पाण्यात हिवतापाचा डास सुखाने वाढत होता. पालिकेने विहिरी बुजवा किंवा झाका म्हटले आणि पुन्हा ठिणगी पडली. पारशांना पूजेसाठी विहिरीचे पाणी हवे, अनेक हिंदू घरांत विहिरीत जागेवाला, म्हणजे जागेचा राखणदार, आहे असे मानून नारळ फोडला जाई. तडजोड निघाली ती झाकणाची आणि जाळीची. चर्चगेटजवळची 1725 ची भिका बेहराम विहीर आजही तशीच आहे. विहिरी गेल्या तरी तोच डास गच्चीवरच्या टाक्यांत राहायला गेला. म्हणून आज कीटकनाशक विभागाचा माणूस टाकीला घट्ट झाकण आहे का आणि वर चढायला शिडी आहे का, ही दोनच गोष्टी आधी पाहतो. शिडी नसेल तर तपासणी होत नाही, नोटीस निघते. सोसायटीच्या सचिवांना ही शिडीची कटकट कायम नवीन वाटते; खरे तर ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

सेवा वस्तीतच नेऊन बसवायची कल्पना रुजायला ऐंशीचे दशक उजाडले. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या लोकसंख्या प्रकल्पात 1988 पासून मुंबईत हेल्थ पोस्ट, म्हणजे वस्तीतली छोटी आरोग्य केंद्रे, वाढले, आणि त्यांच्याबरोबर आल्या आरोग्यसेविका. त्या त्याच वस्तीत राहणाऱ्या, कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे हे तोंडपाठ असणाऱ्या आणि पगाराऐवजी मानधनावर राबणाऱ्या. मानधन वाढवा म्हणून त्या अधूनमधून आझाद मैदानात बसतात. तेव्हा बातमी येते, एरवी नाही. 1995 मध्ये पल्स पोलिओ सुरू झाल्यावर खडू त्यांच्याच हातात आला. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या खडूचा वाटा किती हे कोणी मोजलेले नसेल.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे, रुग्ण वाढत गेले. तेव्हापासून 'साचलेल्या पाण्यातून चाललात तर 24 ते 72 तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्या' ही सूचना दर पावसाळ्यात येते, आणि पायाला जखम असेल तर अधिक जोरात येते. उंदीर पुन्हा गोष्टीत आला, या खेपेला मूत्रावाटे.

मग 2020. 13 मार्चला महाराष्ट्राने लागू केला तो 1897 चाच कायदा. विमानतळावरून येणाऱ्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईचा शिक्का उमटू लागला. त्यावर मुंबईकरांचे रक्षण करत असल्याचा अभिमान आहे अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. हेतू चांगला असेल, पण शिक्के पाहून लोकांनी सहप्रवाशांना रेल्वेतून उतरायला लावले, आणि इमारती सील करून लावलेल्या फलकांनी 'यू एच एच' चीच आठवण करून दिली. फरक पडला तो धारावीत. 1 एप्रिलला तिथे पहिला रुग्ण सापडला. अंतर राखा म्हणायला जागाच नाही, म्हणून पालिकेच्या जी उत्तर विभागाने तिथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले. वर्षानुवर्षे त्यांच्याकडे जाणारे लोक त्यांच्यापुढे ताप लपवेनात.

त्या वर्षी लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता 'आरोग्योत्सव' केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा. अनेकांना ते अपवादात्मक वाटले. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती 1893 मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत बसला, प्लेगच्या तीन वर्षे आधी. म्हणजे मंडळे आणि साथीचे प्रशासन या शहरात जवळपास एकाच वयाची आहेत. आज मंडपाच्या कमानीवर डेंगीचा फलक लावायला पालिका मंडळांनाच सांगते, पोलिओचे बूथ मंडळाच्या कार्यालयात बसतात, आणि 2022 पासून सुरू झालेल्या पालिकेच्या 'आपला दवाखाना' साठी जागा शोधतानाही आधी विचारणा होते ती कार्यकर्त्यांकडे. रविवारी बूथवर आला नाहीत, तर सोमवारी ताई जिना चढून येतात. खडू पर्समध्ये असतोच.