बांधणी क्रमांक, प्रवासी विमानांचे

विमान तयार करताना कारखान्याने त्याला दिलेला आणि ते मोडीत निघेपर्यंत कायम राहणारा क्रमांक. मालक, देश, रंग, नाव यांपैकी काहीही बदलले तरी तो बदलत नाही. विमानाच्या मागच्या भागावर ठळक अक्षरांत दिसते ते नोंदणीचिन्ह. ते नोंदणी करणारा देश देतो आणि विमान परदेशी विकले गेले की पुसले जाते. हा भेद कोकणच्या बंदरांतही आढळतो. हर्णै किंवा मिरकरवाडा येथील मासेमारी नौकांवर रंगवलेले ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारे क्रमांक नोंदणीचे आहेत, तर माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस मुरगाव’ या विनाशिकेचा यार्ड क्रमांक १२७०५ हा बांधणीचा. नोंदणी प्रमाणपत्रात मात्र विमानाचे चिन्ह व बांधणी क्रमांक दोन्ही लिहिलेले असतात.

भारतीय चिन्हातील ‘व्हीटी’ या अक्षरांविषयी मतभेद आहे. ती ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असल्याचे सर्रास सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार १९२७ च्या वॉशिंग्टन येथील रेडिओ-तार परिषदेत ‘व्ही’ने सुरू होणारी संकेताक्षरे ब्रिटिश साम्राज्यातील प्रदेशांना वर्णक्रमाने वाटली गेली. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला ‘व्हीएच’पासूनची अक्षरे आली, न्यूफाउंडलंडला ‘व्हीओ’ मिळाले, तर भारताला ‘व्हीटी’ ते ‘व्हीडब्ल्यू’. ऑस्ट्रेलियाची विमाने आजही ‘व्हीएच’ चिन्ह वापरतात आणि त्या अक्षरांना कोणत्याही पदवीचा आधार नाही. त्यामुळे हे दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. व्हाइसरॉयचा अर्थ बहुधा मागाहून चिकटला असावा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानाचे चिन्ह ‘व्हीटी-एडीएन’ होते.

बोइंग कंपनीच्या विमानाला दोन क्रमांक असतात आणि बराचसा गोंधळ त्यातूनच होतो. अनुक्रमांक, म्हणजेच बांधणी क्रमांक, साधारणपणे मागणी नोंदवताना राखून ठेवला जाई आणि कंपनीच्या सर्व जेट प्रकारांसाठी तो एकाच मालिकेतून दिला जाई. लाइन क्रमांक म्हणजे त्या विशिष्ट प्रकारच्या जोडणी-रांगेतील स्थान. एअर इंडियाच्या पहिल्या ७४७ विमानाचा, ‘एम्परर अशोक’चा (१९७१), अनुक्रमांक १९९५९ आणि लाइन क्रमांक १२४ होता. १९६९ मध्ये उडालेल्या पहिल्यावहिल्या ७४७ चा लाइन क्रमांक अर्थातच १, पण अनुक्रमांक २०२३५. म्हणजे रांगेत १२३ जागा मागे असलेल्या विमानाचा अनुक्रमांक लहान आहे. ग्राहकांसाठी क्रमांक आधी राखले गेले आणि कंपनीने स्वतःच्या चाचणी विमानाला नंतर दिला, असे यावरून दिसते. केवळ अनुक्रमांकावरून विमानांचे वय ठरवणाऱ्या याद्या म्हणूनच जपून वाचाव्या लागतात. ‘एम्परर अशोक’ १ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून दुबईसाठी उडाल्यावर काही मिनिटांतच वांद्र्यापुढील समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले.

यांखेरीज बोइंग प्रत्येक मूळ ग्राहकाला दोन अक्षर-अंकांचा संकेत देत असे. एअर इंडियाचा ३७ (७०७-४३७, ७४७-२३७), इंडियन एअरलाइन्सचा ‘ए८’ (७३७-२ए८), जेट एअरवेजचा ‘५आर’ (७३७-८५आर). विमान पुढे कोणालाही विकले गेले तरी हा संकेत टिकतो. ७८७ व ७३७ मॅक्स या प्रकारांत ही पद्धत राहिलेली नाही.

एअरबस प्रत्येक कुटुंबासाठी वेगळी मालिका चालवते. ए३१८ पासून ए३२१ पर्यंतची, ‘निओ’सह (नव्या इंजिनांची आवृत्ती) सर्व विमाने एकाच मालिकेत येतात. ए३३० व ए३४० यांची मालिकाही सामाईक होती. शेवटचा क्रमांक म्हणजे एकूण संख्या नव्हे, हे ए३८० वरून स्पष्ट होते. अखेरच्या ए३८० चा क्रमांक २७२ असला तरी ग्राहकांकडे २५१ च विमाने गेली, कारण रद्द झालेल्या मागण्यांचे क्रमांक रिकामेच राहिले. ७४७ च्या बाबतीत उलट घडले. ३१ जानेवारी २०२३ रोजी अ‍ॅटलास एअरला दिलेल्या शेवटच्या विमानाचा लाइन क्रमांक १५७४ हीच एकूण संख्या ठरली. काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाची उत्पादन विमाने २०१ ते २१६. विषम क्रमांकांची फ्रान्समधील तुलूजला जोडलेली, सम क्रमांकांची इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ फिल्टनला. एअर इंडियाने दोन काँकॉर्डसाठी हक्क राखून ठेवला होता, खरेदी झाली नाही.

उत्पादनातील टप्पे साजरे करताना काय मोजले, हे पाहणे आवश्यक असते. १३ मार्च २०१८ रोजी बोइंगने साजरे केलेले दहा हजारावे विमान एकट्या ७३७ प्रकारातील होते आणि ते कारखान्यातून बाहेर पडताना मोजले गेले. एअरबसचे ऑक्टोबर २०१६ मधील दहा हजारावे विमान, सिंगापूर एअरलाइन्सचे ए३५०, सर्व प्रकार धरून आणि ग्राहकाच्या ताब्यात देताना मोजलेले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून केलेल्या तुलना निरर्थक आहेत. ए३२० निओ कुटुंबातील हजारावे विमान ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडिगोला मिळाले.

या क्रमांकांचा खरा उपयोग दुरुस्तीचे आदेश लागू करताना होतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चे छत उड्डाणात उचकटले आणि एक हवाई सेविका दगावली. त्या विमानाचा लाइन क्रमांक १५२. पत्र्यांचे सांधे थंड (खोलीच्या तापमानालाच घट्ट होणाऱ्या) चिकटपट्टीने जोडण्याची पद्धत क्रमांक २९१ पर्यंत वापरली गेली होती, २९२ पासून ती बदलली. चिकटपट्टी सुटली की सगळा भार रिव्हेटांवर येतो, फटीत ओल शिरून पत्रा गंजतो आणि भोकांपासून तडे पसरतात. बेटाबेटांमधील छोट्या फेऱ्यांमुळे या विमानाची ८९,००० हून अधिक उड्डाणे झाली होती. त्यात खाऱ्या हवेची भर पडली. कोकणातही समुद्रकाठचा दमटपणा आणि छोटा पल्ला एकत्र येतात. चिपी (सिंधुदुर्ग) विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेली मुंबईची सेवा एटीआर ७२-६०० या पंखेवाल्या विमानाने झाली. एटीआरच्या सूचनाही ठराविक बांधणी क्रमांकांनाच लागू असतात, आणि देखभाल करणारा अभियंता सूचना हाती आली की प्रथम ती कोणत्या क्रमांकांपासून कोणत्या क्रमांकांपर्यंत लागू आहे ते पाहतो.