आयटूसी की एसएमबस? तारा त्याच, बोली वेगळी

"मामा, सेन्सर तं दिसून रायला, मंग वाचत काऊन नाही?"

भाच्याचा प्रश्न बरोबर होता. वरूडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेसाठी तापमान आणि हवेतला ओलावा नोंदवणारा डबा करायचं चाललं होतं. बोर्ड यायचा होता, म्हणून तोवर एका जिनिंगवाल्यानं भंगारात काढलेल्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून ड्रायव्हर, म्हणजे चिपेशी बोलणारा प्रोग्रॅम, लिहायला बसलो. एका मेलेल्या पीसीआय एक्स्प्रेस कार्डाच्या 'बी' बाजूच्या ५ आणि ६ नंबरच्या पट्ट्यांवर दोन तारा डाखल्या. त्या दोन पट्ट्या एसएमबसच्या क्लॉक आणि डेटाच्या. तारांवर दोन चिपा टांगल्या: फक्त तापमान मोजणारी एलएम७५ आणि तापमान-ओलावा दोन्ही मोजणारी एसएचटी३१. बस, म्हणजे या दोन तारांचा सामाईक रस्ता, स्कॅन केली तर तक्त्यात ४४ आणि ४८ हे दोन्ही पत्ते हजर. एलएम७५नं तापमान दिलं. एसएचटी३१ मात्र अडून बसली.

आम्ही दोघंही "आयटूसी जोडलंय" असंच म्हणत होतो, आणि घोळ तिथंच होता.

आयटूसी फिलिप्सनं १९८२मध्ये काढली, एकाच उपकरणातल्या चिपांनी दोन तारांवर एकमेकींशी बोलावं म्हणून. एसएमबसचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९५चं. त्यामागे इंटेल होती आणि डोळ्यांपुढे होती लॅपटॉपची बॅटरी. एसएमबस आयटूसीवरच उभी आहे: त्याच दोन तारा, तोच सात बिटांचा पत्ता, प्रत्येक बाइटनंतर तीच पोच. फरक बोलण्यात आहे. आयटूसीत पत्ता पुकारला की पुढे किती बाइट पाठवायचे, किती घ्यायचे, मध्ये दिशा कधी फिरवायची, हे सगळं तुमच्या मर्जीवर. एसएमबसची वाक्यं मात्र ठरलेली आहेत: एक बाइट लिहा, रजिस्टर (चिपेतला नंबराचा कप्पा) सांगून एक बाइट वाचा, रजिस्टर सांगून दोन बाइटांचा वर्ड वाचा, ब्लॉक वाचा, अशी मोजकी. त्या जुन्या इंटेल डेस्कटॉपमधला ॲडाप्टर, म्हणजे बस चालवणारा भाग, एवढीच वाक्यं जाणतो. तारेवर नेमके कोणते बाइट जावेत, हे त्याला सुट्टं सांगायची सोयच नाही.

आता एसएचटी३१कडे बघा. तिला रजिस्टरं नाहीत, सोळा बिटांचे हुकूम आहेत. हेक्स २४ आणि त्यामागे ००, म्हणजे "एकदा मोज". मग पंधरा-सोळा मिलिसेकंद थांबायचं आणि सलग सहा बाइट वाचायचे: तापमानाचे दोन, त्यांचा सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा बाइट), ओलाव्याचे दोन, त्यांचा सीआरसी. यातला हुकूम एसएमबसच्या तोंडूनही जातो. २४ला रजिस्टर समजायचं आणि ००ला त्यात लिहायचा बाइट. तारेवर तेच दिसतं, चिपेला काय कळणार? अडतं ते वाचताना. रजिस्टर न सांगता वाचायचं एकच वाक्य एसएमबसकडे आहे, आणि ते एकच बाइट आणतं. म्हणजे हाती लागतो तापमानाचा फक्त वरचा बाइट. चिपेचं सूत्र असं: कच्चा आकडा गुणिले १७५, भागिले ६५५३५, वजा ४५. खालचा बाइट नसला की आकडा एकदम २५६नं उडतो, म्हणजे तापमान ०.६८ अंशाच्या पायरीनं चढतं-उतरतं. ओलावा तर कधीच हाती येत नाही. ड्रायव्हर धड पडला असता तर बरं होतं. हा अर्धवट चालत होता, आणि त्यात आमची एक दुपार गेली.

स्कॅनमध्ये चिप दिसते याचा अर्थ पत्ता पुकारल्यावर कोणीतरी पोच दिली, इतकाच. ॲडाप्टरला तिच्याशी पुरतं बोलता येतं का, हे वेगळं विचारावं लागतं. लिनक्समध्ये त्यासाठी आयटूसी-चेक-फंक्शनॅलिटी नावाचं फंक्शन आहे. ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये, म्हणजे चिपेशी जोडला जाताना चालणाऱ्या भागात, अगदी सुरुवातीला ते बोलवायचं आणि लागणारे फ्लॅग, म्हणजे कोणती वाक्यं लागतील त्याच्या खुणा, द्यायचे. दिलेले सगळे फ्लॅग ॲडाप्टरकडे असले तरच ते होकार देतं, नाहीतर तिथूनच एरर परत करून बाहेर पडायचं. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एसएचटी३एक्सचा (एसएचटी३१च्या घराण्याचा) ड्रायव्हर नेमका सुट्ट्या आयटूसीचा फ्लॅग मागतो. एलएम७५सारख्या चिपेला बाइट-डेटा आणि वर्ड-डेटाचे एसएमबस फ्लॅग पुरतात, म्हणूनच ती डेस्कटॉपवर बोलली. कोड लिहायच्या आधीच बघायचं असेल तर आयटूसी-डिटेक्टला मोठा एफ आणि बसचा नंबर द्या, यादी समोर येते. आमच्या यादीतली पहिलीच ओळ होती 'आयटूसी', आणि तिच्यापुढे 'नो'. आधी बघितलं असतं तर!

फ्लॅगांच्या यादीत सगळ्यात फसवी जोडी ब्लॉक वाचण्याची आहे. एक एसएमबस ब्लॉक, दुसरा आयटूसी ब्लॉक. नावं सख्ख्या भावांसारखी. संत्र्याची गाडी मंडीत उतरते तसं समजा. एसएमबस ब्लॉकमध्ये गाडीवान आधी चिठ्ठी देतो, "बारा कॅरेट हाय", मग बारा उतरवतो. म्हणजे पहिला बाइट लांबीचा, आणि ती चिप ठरवते. आयटूसी ब्लॉकमध्ये चिठ्ठी नसते. घेणारा म्हणतो, मी थांब म्हणेपर्यंत उतरव. लांबी ॲडाप्टर ठरवतो. चिठ्ठीवाल्या चिपेला बिनचिठ्ठीच्या पद्धतीनं वाचलं तर चिठ्ठीच पहिलं कॅरेट म्हणून मोजली जाते आणि सगळा डेटा एका घरानं सरकतो. उलटं केलं तर आणखी वाईट, पहिल्याच मापाला लांबी समजलं जातं. दोन्हींचे फ्लॅग वेगळे आहेत, आणि एक आहे म्हणून दुसरा असेलच असं नाही.

सुट्टं आयटूसी येणाऱ्या ॲडाप्टरवर एसएमबसची बहुतेक वाक्यं कर्नल स्वतः जुळवून देतो. उलटं होत नाही. ज्याला वाक्यंच येतात, त्याच्याकडून अक्षरं कशी काढणार? पण सुट्टं आयटूसी असूनही एसएमबस ब्लॉक वाचणं अडू शकतं, कारण लांबी मध्येच कळते आणि तेवढ्यावर पुढचं वाचन लांबवणं प्रत्येक ॲडाप्टरला जमत नाही. म्हणून "आमचा बोर्ड पूर्ण आयटूसी आहे, तपासायचं काय?" असं म्हणू नये. आणि दुसऱ्या टोकाची चूक मला जास्त खटकते: ड्रायव्हरमध्ये सगळी कॉल एसएमबसची, आणि प्रोबमध्ये मागणी मात्र सुट्ट्या आयटूसीची. असा ड्रायव्हर साध्या पीसीवर विनाकारण नापास होतो. वापरणार तेवढंच मागा.

फ्लॅग तपासून सगळंच पकडलं जातं असंही नाही. एसएमबसच्या वर्डमध्ये खालचा बाइट आधी येतो, एलएम७५ वरचा आधी पाठवते. उलटवायचं विसरलात तर ४५ अंशांच्या वैशाखात आकडा येतो शून्य, आणि पारा अर्धा अंश वर गेला की थेट उणे १२८. भाचा म्हणाला, "मामा, आपल्या गावात बर्फ पडून रायला." वर्ड उलटवून वाचणारं फंक्शन कर्नलमध्ये तयार आहे, ते वापरा.

विजेच्या बाजूचे फरकही आहेत. एसएमबसला १० किलोहर्ट्झच्या खाली जाऊन चालत नाही, आणि क्लॉक २५ ते ३५ मिलिसेकंद खालीच अडकला की चिपेनं बोलणं सोडून द्यायचं असतं. मूळ आयटूसीत अशी मुदत नाही, तिथे अडकलेली बस अडकूनच राहू शकते. बागेतल्या लांब तारांवर हे कधी ना कधी भेटतंच, पण ते ॲडाप्टरच्या फ्लॅगांत दिसत नाही.

बोर्ड आल्यावर एसएचटी३१ त्यावर गेली आणि पहिल्याच फटक्यात सहाही बाइट आले. एलएम७५ अजून त्या डेस्कटॉपलाच लटकलेली आहे. डेस्कटॉप आता गोदामात असतो, आणि तिथला ओलावा कोणी विचारला की भाचाच सांगतो, "त्याले ते वाक्यच येत नाही."