टायर बदलताना अलॉय रिमला ओरखडा आला तर काय करायचं
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याचशा रिम फुटपाथला घासलेल्या असतात. काहींचा मात्र फुटपाथशी काडीचाही संबंध नसतो. गाडी नवे टायर घालायला जाते, संध्याकाळी परत येते आणि पुढच्या धुण्याच्या वेळी रिमच्या कडेला चकाकणारी रेघ दिसते. मालक दुकानात विचारायला गेला की उत्तर ठरलेलं, "हे आधीचंच आहे साहेब." त्यानंतर रिम आमच्या टेबलावर येते आणि दोन्ही बाजू आम्हालाच विचारतात, खरं काय ते सांगा. आम्ही सांगतोही. पण तोवर रिम दोनदा धुतलेली असते, जुना टायर भंगारात गेलेला असतो आणि बिलावर रिमबद्दल एक अक्षर नसतं. म्हणून आधीच वाचून ठेवावं यासाठी हे पत्रक.

दुकानात शिरताना आणि निघताना

गाडी ताब्यात देण्यापूर्वी चारही रिमचे फोटो काढा. लांबून काढलेला देखणा फोटो उपयोगाचा नाही. प्रत्येक रिम पूर्ण दिसेल असा एक फोटो आणि कडेचे जवळून दोन-तीन, एवढं पुरे. प्रकाश समोरून पडला तर बारीक ओरखडा दिसतच नाही. मोबाइलचा दिवा बाजूने तिरपा धरला की लगेच उठून दिसतो. ओरखडे आधीपासून असतील तर तेही टिपा आणि दुकानदाराला दाखवा. स्वतःहून जुने ओरखडे दाखवणाऱ्या ग्राहकाचं नव्या ओरखड्याबद्दलचं म्हणणं सहसा कोणी उडवून लावत नाही.

काम झाल्यावर किल्ली हातात घ्यायच्या आधी तीच फेरी पुन्हा मारा. टायरवर माउंटिंग पेस्टचा (टायर सहज चढावा म्हणून लावतात तिचा) किंवा साबणाचा पांढरा थर असतो, तो कडेवर येऊन ओरखडा झाकतो. ओल्या फडक्याने कड पुसूनच बघा. शक्य असेल तर चाक गाडीला लावण्यापूर्वी आतली बाजूही बघून घ्या, कारण एकदा चाक बसलं की ती बाजू दिसत नाही.

ओरखडा कुठून आला हे कसं ओळखायचं

वादाचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो, म्हणून हा भाग जरा निवांत वाचा. टायर चेंजर मशीन रिमला ठराविक ठिकाणीच स्पर्श करतं. त्यामुळे त्याच्या खुणाही ठराविक जागी, ठराविक आकाराच्या पडतात.

टायर काढताना आधी त्याची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसलेली कड, मोकळी करावी लागते. त्यासाठी मशीनच्या बाजूला एक फावड्यासारखं पातं असतं. ते टायरऐवजी रिमवर टेकलं तर कडेवर किंवा कडेच्या लगेच आत चेपल्यासारखी रुंद खूण पडते. या वेळी रिमची दुसरी बाजू मशीनच्या रबरी पॅडला टेकलेली असते. मागची बीड मोकळी करताना दर्शनी बाजू पॅडकडे येते, आणि पॅड झिजलेलं असेल किंवा त्यात खडे रुतलेले असतील तर ऐन दर्शनी भागावर चरे उठतात.

मग चाक फिरत्या टेबलावर चढतं. तिथे चार जबडे रिम धरतात. अलॉय रिम सहसा बाहेरून धरली जाते आणि तिची दर्शनी बाजू वर असते, म्हणून जबड्यांच्या खुणा बहुधा मागच्या कडेवर सापडतात. सारख्या अंतरावर चार खुणा असतील तर फार डोकं खाजवावं लागत नाही. फुटपाथ काही असा मोजूनमापून घासत नाही. जबड्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं असली की या खुणा पडत नाहीत. ती झिजली किंवा हरवली तरी काम अडत नाही, म्हणून बदलायची राहून जातात.

टायर चढवणारा-उतरवणारा मशीनचा भाग बदकाच्या चोचीसारखा असतो. तो रिमच्या कडेपासून दोन-एक मिलिमीटर दूर ठेवायचा असतो आणि धातू रिमला लागू नये म्हणून त्यात प्लॅस्टिकचा तुकडा बसवलेला असतो. अंतर चुकलं किंवा तुकडा झिजला, तर टेबल फिरताना कडेला समांतर, एकसारखी, बारीक रेघ उमटते. कधी चार बोटांएवढी, कधी जवळपास पूर्ण गोल. अशी स्वच्छ वर्तुळाकार रेघ रस्त्यावर पडणं फार अवघड.

लिव्हरची, म्हणजे हातातल्या पहारीची खूण वेगळी असते. ती एकाच ठिकाणी, आखूड आणि खोल. धातू दाबला जाऊन त्याची धार बाजूला उठलेली. बोट फिरवलं की टोचते. दर्शनी कडेवर छोट्या चाव्यासारखी खूण असेल, तर ती ठोकून बसवायच्या बॅलन्सिंगच्या वजनाची असण्याची शक्यता जास्त. नटांच्या खोबणीत गोल गोल घासल्याच्या रेघा असतील, तर त्या एअर गनच्या सॉकेटच्या.

आता फुटपाथ. रिम फिरत असताना दगडाला घासते. त्यामुळे कडेच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागावर खडबडीत, तुटक, एकावर एक चढलेले अनेक चरे दिसतात. बहुतेक वेळा सोबत टायरची बाजूही खरचटलेली असते. म्हणून जुना टायर दुकानातून भंगारात जाण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा. ओरखड्यालगतची टायरची बाजू साफ असेल, तर "आधीच कुठेतरी घासलं असेल" या म्हणण्यात फारसा दम उरत नाही. हा पुरावा शंभर टक्के नव्हे. कमी उंचीच्या टायरमध्ये रिम कधीकधी टायरच्या पुढे आलेली असते आणि दगडाला तीच आधी लागते. पण इतर खुणांबरोबर मांडला की त्याला वजन येतं.

ओरखडा ताजा की जुना हेही कळतं. ताज्या खाचेत उघडा, चकचकीत धातू दिसतो. जुन्या खाचेत ब्रेकची काळपट धूळ बसलेली असते, लॅकरची, म्हणजे वरच्या पारदर्शक थराची, कड सुटलेली असते आणि काही वेळा खाली पांढरट गंज पसरलेला असतो. म्हणूनच वाद मिटेपर्यंत रिम केमिकलने धुऊ नका. तुमच्या बाजूचा पुरावा तुमच्याच हाताने वाहून जाईल.

दुकानदाराशी बोलताना

मशीनवरच्या पोरावर ओरडून काही निष्पन्न होत नाही. तो घाबरून नाही म्हणतो, आणि एकदा नाही म्हटलं की त्याचा मालक त्याच्या पाठीशी उभा राहतो. थेट मालकाला बोलवा, दोघांनी मिळून रिम बघा, फोटो काढा आणि बिलावर किंवा जॉब कार्डवर एक ओळ लिहून घ्या. चूक कोणाची, हे त्यात लिहायची गरज नाही. "पुढचं डावं चाक, व्हॉल्व्ह घड्याळातल्या बाराच्या जागी धरल्यास चारच्या जागी बाहेरच्या कडेवर ओरखडा, काम झाल्यावर, गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्यापूर्वी दिसला," एवढं पुरे. यात जागा आणि वेळ दोन्ही पक्क्या होतात.

घरी गेल्यावर लक्षात आलं तर त्याच दिवशी फोटोंसह मेसेज पाठवा. फोनवर बोललात तरी नंतर तेच लिहून पाठवा. आणि दुकानदाराने रिम पाहण्याआधी ती परस्पर दुरुस्त करून घेऊ नका. हे आम्ही आमच्याच धंद्याविरुद्ध सांगतो आहोत, पण आधी आमच्याकडून नवी करून घ्यायची आणि मग खर्च मागायचा, या क्रमाने पैसे क्वचितच मिळतात.

बिल अडवून धरावं का, असं बरेच जण विचारतात. आमचं मत, नको. अनेक ठिकाणी कामाचे पैसे मिळेपर्यंत वाहन ठेवून घेण्याचा हक्क दुकानदाराला असतो आणि मग रिम बाजूला राहून गाडीच अडकते. टायरचे पैसे द्या, पण बिलावर "रिमच्या नुकसानीची तक्रार कायम" असं लिहा. "रिमच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" अशी पाटी भिंतीवर असली तरी लगेच माघार घेऊ नका. कायदा जागोजागी वेगळा आहे, पण दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने ती नीट सांभाळावी ही अपेक्षा जवळपास सगळीकडे आहे. निष्काळजीपणा केवळ पाटीने माफ होतोच असं नाही. काही दुकानांचा अशा नुकसानीसाठी विमाही असतो. तो आहे का, हे सरळ विचारा.

त्याच वेळी रास्त तेवढंच मागा. सहा ठिकाणी घासलेल्या रिमवर सातवा ओरखडा आला म्हणून नवी रिम मिळणार नाही, आणि मागूही नये. आधी कोरी असलेली रिम मात्र पुन्हा कोरी दिसली पाहिजे, यावर ठाम राहा.

दुरुस्ती कोणती मागायची

दुकानदार बहुधा टच-अप पेन पुढे करतो. रंगवलेल्या रिमवर, नख अडकत नाही इतका वरवरचा ओरखडा असेल तर ते चालून जातं. नख अडकलं की पेनाने भागत नाही. तिथे घासणं, भरणं, रंग आणि वर लॅकर असं पूर्ण काम लागतं. पेन लावू देण्यापूर्वी फोटो काढून झाले आहेत ना, हे बघा.

डायमंड कट रिमचा मामला नाजूक आहे. तिची दर्शनी बाजू लेथवर कापून चमकवलेली असते आणि वर पारदर्शक लॅकर असतं. ओरखडा लॅकरच्या आरपार गेला की ओल आत शिरते आणि काही महिन्यांनी लॅकरखाली पांढरे, अळीसारखे वळणदार डाग पसरतात. आज केसाएवढी दिसणारी रेघ पुढच्या पावसाळ्यानंतर बोटभर होते. त्यावर पेन ही नुसती मलमपट्टी. रिम पुन्हा लेथवर घ्यावी लागते, आणि दर वेळी थोडा धातू जात असल्याने हे काम एका रिमवर मोजक्याच वेळा करता येतं. तुमच्या चुकीशिवाय त्यातली एक वेळ खर्ची पडली आहे, हे दुकानदाराला जरूर सांगा.

एक खर्च हमखास विसरला जातो. रिम नीट दुरुस्त करायची तर टायर पुन्हा उतरवावा लागतो, पुन्हा चढवावा लागतो, बॅलन्सिंगही पुन्हा करावं लागतं. भरपाई ठरवताना हे सगळं धरा आणि दुरुस्ती कोण, कुठे, कधीपर्यंत करणार हे लिहून घ्या.

रिमला तडा गेलेला दिसला तर मात्र दुरुस्तीची घासाघीस करत बसू नका. स्पोकवर किंवा मधल्या भागात तडा असलेली रिम आम्ही वेल्ड करत नाही, कोणी करून देतो म्हटलं तरी करू नका. बहुतेक कास्ट अलॉय रिमना ताकद उष्णता-प्रक्रियेतून मिळालेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी तीच त्या जागी कमी होते.

न दिसणारं नुकसान

कडेवरच्या चकाकत्या रेघेसाठी लोक भांडतात आणि आतल्या खाचेकडे कोणाचं लक्ष नसतं. टायरची बीड जिथे बसते त्या पट्टीवर आडवी खाच पडली, किंवा कोरड्या बीडवर जोर लावल्याने रबरच फाटलं, तर हवा हळूहळू जाते. नव्या टायरनंतर एकाच चाकाची हवा पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर टायर आणि रिम जिथे भेटतात तिथे साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आमच्या मते या खाचेसाठी आधी भांडावं, दिसण्यासाठी नंतर.

टायर प्रेशरचा दिवा काम झाल्यावर लागून राहिला तर सेन्सर तुटला असण्याची शक्यता आहे. बऱ्याच गाड्यांत तो व्हॉल्व्हला लागूनच आत असतो आणि बीड मोकळी करणारं पातं तिथे दाबलं की मोडतो. वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर लगेच रिम वाकली असं समजू नका. आधी बॅलन्सिंगचं वजन पडलंय का ते बघा.

नटांचंही तसंच. एअर गनने वाट्टेल तितके आवळलेले नट पुढे रस्त्यात पान्ह्याने सुटत नाहीत, शिवाय त्या ताणाने स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, खराब होतात. शेवटचा आवळ टॉर्क पान्ह्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर द्यायला सांगा. अलॉय चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा तपासून घ्यावेत.

पुढच्या वेळी दुकान निवडताना

मशीन किती नवं आहे यापेक्षा जबड्यांवर प्लॅस्टिक आहे का ते बघा. बीडला पेस्ट लावतात का, तेही बघा. रिमच्या मध्यभागी एक खोल पन्हाळ असते. टायर चढवताना एका बाजूची बीड त्या पन्हाळीत दाबली तरच समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो. घाईत ती दाबली जात नाही, मग सगळा जोर कडेवर येतो. आमच्याकडे येणाऱ्या ओरखड्यांत मशीनच्या दोषापेक्षा या घाईचा वाटा मोठा असतो. कमी उंचीचे किंवा रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर मदतीचा दाबणारा हात असलेलं मशीन आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. आणि बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायला सांगा, कडेला ठोकायला नको.

आमचा लेखी अभिप्राय हवा असल्यास

रिम न धुता, टायर चढवलेला असतानाच आणा. टायर उतरवला की कोणती खूण कोणत्या वेळची हे सांगणं अवघड होतं. आधीचे-नंतरचे फोटो, बिल आणि जुना टायर किंवा त्याचा फोटो सोबत असू द्या. दुकानदाराला यायचं असेल तर त्यालाही घेऊन या, आम्ही दोघांसमोरच रिम बघतो. खूण फुटपाथची निघाली तर तसंच लिहून देतो.